रोपं उगवतात आणि दोन पानांवर येऊन पिवळी पडतात : घरच्या अ‍ॅक्वापोनिक्समधला दर उन्हाळ्याचा त्रास

बी छान रुजतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मेथी डोकं वर काढते, आठवड्याभरात पालक दिसतो, कोथिंबिरीला दहा दिवस लागतात. पहिली दोन पानं अगदी हिरवी. मग खरं पान फुटायला लागतं आणि ते फिकट येतं. त्यापुढचं आणखी फिकट. तिसरं जवळजवळ पिवळंपांढरं, फक्त शिरा हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. रोप मरत नाही आणि वाढतही नाही. बोटभर उंचीवर पंधरा-वीस दिवस तसंच थांबतं आणि शेवटी कडेनं करपतं.

पुण्यात आमच्या गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्सचा वाफा आहे, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी खडीच्या वाफ्यात फिरवून त्यावर भाजी वाढवायची. तिथे हे सलग तीन उन्हाळे झालं. पावसाळ्यात आणि थंडीत त्याच वाफ्यात चुका, माठ, पालक भरभरून यायचा. मार्च उजाडला की पुन्हा तेच. ज्यांच्याकडे असं ठरावीक महिन्यांत होतं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे, कारण मी दोन वर्षं चुकीच्या जागी उपाय करत बसले होते.

मांडणी साधी आहे. २०० लिटरची टाकी, त्यात १२ गोल्डफिश, वर काळ्या खडीचा फूटभर खोल टब, पाण्यात बुडवून ठेवायचा छोटा पंप आणि बेल सायफन, म्हणजे टब भरला की तो आपोआप रिकामा करणारी नळी. माशांना दिवसाला साधारण १५ ग्रॅम खाद्य. पालेभाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य पडावं, असं एक सर्वमान्य गणित आहे. माझा टब चौरस मीटरच्या एक तृतीयांशाहून थोडाच मोठा, म्हणजे हिशेब ठीक होता.

पहिल्या उन्हाळ्यात मी बियाण्याला दोष दिला आणि तीन वेगवेगळी पाकिटं आणली. दुसऱ्या उन्हाळ्यात वाटलं, रोपांना खायला कमी पडतंय. म्हणून माशांचं खाद्य १५ वरून २५ ग्रॅमवर नेलं. चौथ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेत होते. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात येतो तो अमोनिया चढला होता. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क ते सांगणारा आकडा) ७ असताना, साधारण २५ अंश तापमानाला, पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दसपट. माझ्या टाकीत पीएच ८ च्या वर होता आणि मी त्यात खाद्य वाढवत होते. त्या दिवशी निम्मं पाणी बदललं, दोन दिवस खाद्य बंद ठेवलं, मासे वाचले. रोपं मात्र पिवळीच राहिली. म्हणून आधीच सांगते : रोप पिवळं दिसलं की खाद्य वाढवायचं, हा उपाय अमोनिया आणि पीएच मोजल्याशिवाय कधीही करू नका.

खरं निदान झालं ते अण्णांमुळे, म्हणजे माझ्या वडिलांमुळे. श्रीरामपूरकडे आमचा ऊस आहे. फोनवर मी त्यांना रोपांची हकीकत सांगत होते, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला : "पिवळं शेंड्याकडनं चढतंय का बुडाकडनं?" मी म्हटलं, शेंड्याकडून. जुनी पानं हिरवी आहेत, नवी पिवळी. ते म्हणाले, "मग तो केवडा, लोह न मिळाल्यानं पडतो तो. चुनखडीच्या रानात ऊस असाच पडतो. तुझ्या पाण्यात चुना आहे."

रोप तपासताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. नत्र रोपाच्या अंगात फिरतं राहतं. ते कमी पडलं तर रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात आणि पूर्ण पान सारखंच पिवळं होतं. लोहाचं तसं नाही. ते जिथे बसलं तिथेच राहतं, जुन्या पानातून नव्याकडे जात नाही. मुळांतून येणं थांबलं की नवं पान लोहाशिवायच उघडतं आणि शिरा सोडून बाकीचं पिवळं पडतं. बियाण्याच्या पोटात पहिल्या दोन पानांपुरतं लोह असतं. म्हणूनच ती दोन पानं हिरवी निघतात आणि बियाणं चांगलं असूनही पुढे घात होतो.

पण अंदाजावर थांबायचं नाही, असं ठरवून मी चहाचे चार काचेचे ग्लास घेतले. चारीत धुतलेले क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या गोळ्या) आणि एकाच ट्रेमधली, पिवळी पडायला लागलेली मेथीची पाच-पाच रोपं. पहिल्या ग्लासात टाकीचं पाणी जसंच्या तसं. दुसऱ्यात तेच पाणी, पीएच ६.३ वर आणलेलं. तिसऱ्यात तेच पाणी आणि सुईच्या टोकावर मावेल इतकं ईडीडीएचए चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. चौथ्यात तेच पाणी आणि १९:१९:१९ या नत्र-स्फुरद-पालाश खताची चिमूट. चारही ग्लासांना बाहेरून काळा कागद गुंडाळला, नाहीतर शेवाळ धरतं आणि काहीच कळत नाही.

सहाव्या दिवशी तिसऱ्या ग्लासातलं नवं पान हिरवं उघडलं. दहाव्या दिवशी दुसऱ्यातही हिरवेपणा आला, थोडा मंद. पहिला आणि चौथा तसाच पिवळा. म्हणजे रोपं उपाशी नव्हती. पाण्यात थोडंफार लोह होतं, चढ्या पीएचमुळे ते त्यांना घेता येत नव्हतं, आणि पीएच उतरवल्यावर थोडं घेता यायला लागलं. हा प्रयोग कुणालाही स्वयंपाकघराच्या ओट्यावर करता येतो. महागडी औषधं आणण्याआधी तो कराच.

आता प्रश्न असा की पीएच उन्हाळ्यातच का चढतो. याचं उत्तर टाकीत नाही, ते आमच्या सोसायटीच्या पाण्यात होतं. पावसाळ्यात आणि थंडीत नळाला धरणाचं पाणी असतं. ते पृष्ठभागाचं, हलकं पाणी. फेब्रुवारी संपता संपता पाणी कमी होतं आणि टँकर सुरू होतात. टँकरमध्ये बोअरचं जड पाणी, ज्यानं किटलीच्या तळाला पांढरी पुटं चढतात तेच. त्याच दिवसांत गच्चीवरचं ऊन वाढतं. बाष्पीभवन आणि रोपांनी ओढलेलं धरून माझ्या टाकीतून रोज सात लिटरच्या आसपास पाणी उडतं. महिन्याचे झाले २१० लिटर. म्हणजे एका महिन्यात मी टाकी एकदा पूर्ण बोअरच्या पाण्यानं भरत होते, आणि उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागे राहतात. माझ्या मोजणीत ऑगस्टमध्ये पीएच ६.८ होता, एप्रिलमध्ये ८.२.

पावसाळ्यात हाच वाफा पीएच स्वतःहून खाली आणतो. जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं आणि पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खर्च होते. पण जड पाण्यात क्षारता इतकी असते की बारा माशांच्या अमोनियावर काम करणारे जिवाणू ती संपवू शकत नाहीत. रोज सात लिटर नवी भर पडतेच. म्हणून टाकीत आम्ल ओतलं की संध्याकाळी पीएच उतरलेला दिसतो आणि दोन दिवसांत पुन्हा वर. माझं असं चार वेळा झालं. मासे दर वेळी बावरले, रोपांना काही फायदा नाही. आटलेल्या टाकीत वरून जे पाणी घालता ते दुरुस्त करा, टाकी आपोआप सुधारते.

मी आता असं करते. वरून घालायचं पाणी थेट नळीनं सोडत नाही. ५० लिटरचा झाकणाचा पिंप वेगळा ठेवला आहे. त्यात निम्मं बोअरचं पाणी आणि निम्मं घरच्या आरओचं शुद्ध पाणी. रोज साडेतीन लिटर आरओचं, एवढं घरात जड जात नाही. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे फेकलं जाणारं पाणी येतं ते मात्र चुकूनही वापरू नका, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला ठेवा. मिश्रणाचा पीएच तरीही ७ च्या वर राहिला तर फॉस्फोरिक आम्लाचे थेंब, ढवळून, आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजून. लगेच मोजलेला आकडा फसवतो, कारण कार्बोनेट हळूहळू आम्ल खातं आणि पीएच परत वर येतो. किती थेंब ते मी सांगत नाही, प्रत्येकाचं पाणी वेगळं. हातमोजे घाला, आणि आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात नाही.

सगळं काम आम्लावर टाकू नका. अगदी जड पाणी निव्वळ फॉस्फोरिक आम्लानं उतरवायला गेलं तर टाकीत फॉस्फरस इतका साचतो की शेवाळ माजतं आणि लोह पुन्हा फॉस्फेटमध्ये अडकतं. आधी पाणी हलकं करायचं, आम्ल शेवटच्या थोड्या फरकापुरतं. लिंबू आणि व्हिनेगर तर नकोच. त्यांचा परिणाम टिकत नाही, जिवाणू ते खाऊन टाकतात आणि पीएच जागेवर येतो.

पावसाचं पाणी मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही. पहिल्या एक-दोन सरी गच्ची धुवायला सोडून द्यायच्या, नंतरचं पाणी गाळून झाकणाच्या पिंपात साठवायचं. झाकण घट्ट हवं, नाहीतर डासांची अंडी. मी गेल्या सप्टेंबरमध्ये दोन पिंप भरून ठेवले, ते एप्रिलपर्यंत पुरले. फक्त एक काळजी. नुसत्या पावसाच्या पाण्यावर चालवलं तर उलटा त्रास होतो. क्षारता संपते, पीएच ६ च्या खाली घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. त्यासाठी पावसाळ्यात टाकीत शिंपल्यांची एक पुरचुंडी लटकवते आणि उन्हाळा लागायच्या आधी काढून घेते.

पाणी ठीक असूनही पीएच चढत असेल तर खडी तपासा. मूठभर खडी वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर चुनखडी आहे, ती बदलावी लागेल. आपल्याकडची काळी बेसाल्टची खडी सहसा शांत राहते. शोभेसाठी टाकलेले संगमरवराचे तुकडे, शंख, नवा सिमेंटचा हौद, हे सगळे गुपचूप चुना सोडत राहतात.

पाणी दुरुस्त व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर रोपांना लोह द्यावं लागतं, आणि लोह निवडताना बहुतेक जण फसतात. मीही हिराकस (फेरस सल्फेट) घालून पाहिला. तासाभरात पाणी चहासारखं झालं आणि सकाळी एअरस्टोनवर (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडावर), नळीच्या कोपऱ्यात, खडीच्या फटीत विटकरी रंगाची पूड बसलेली. ते लोह गंजून खाली बसलं, रोपापर्यंत पोहोचलंच नाही. गंजलेले खिळे टाकण्याचंही तेच. चिलेटेड लोहातसुद्धा फरक आहे. ईडीटीए साधारण ६.५ पीएचपर्यंतच टिकतं, डीटीपीए साडेसातपर्यंत, आणि ईडीडीएचए त्याच्याही बरंच वर. द्राक्ष-उसाच्या भागातल्या कृषी सेवा केंद्रात ते सहज मिळतं, बहुतेक ६ टक्के लोहाचं. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी अ‍ॅक्वापोनिक्सवर वर्षानुवर्षं जे काम केलं, त्यातून लोहाचं २ मिलिग्रॅम प्रति लिटर, दर तीन आठवड्यांनी, हे प्रमाण रूढ झालं. २०० लिटरला ६ टक्क्यांची पूड सुमारे साडेसहा ग्रॅम होते. आधी निम्मी घाला, आठवडा पाहा. पाणी लाल होतं आणि काही दिवस मासे नीट दिसत नाहीत, घाबरू नका.

ईडीडीएचए मिळालं म्हणून पीएच तसाच सोडू नका. जड पाण्यात मँगनीज, जस्त आणि फॉस्फरसही अडकतात, आणि अमोनियाचा धोका डोक्यावर राहतोच. टाकीत बदल करताना दिवसाला ०.२ पेक्षा जास्त पीएच हलवू नका. मासे एका रात्रीत सवय करून घेऊ शकत नाहीत.

आता ज्यांचा त्रास याहून वेगळा आहे त्यांच्यासाठी.

रोप हिरवं असतानाच रात्रीत आडवं पडलं, बुंध्याशी खडीच्या रेषेवर देठ पाणीदार होऊन दोऱ्यासारखा बारीक झाला, तर ती मर आहे. शेतात रोपं कोलमडणं म्हणतात तेच. पिथियमसारख्या बुरशी ओल्या, दाट, हवा न खेळणाऱ्या ट्रेमध्ये वाढतात. कोलमडलेलं रोप वाचत नाही, शेजारच्यांना वाचवा. ट्रेला वरून पाणी घालणं थांबवा, खालून द्या. बी विरळ टाका. पालकाचं तर एक बी म्हणजे बियांचा झुबका असतो, एकातून दोन-तीन रोपं येतात, म्हणून तो आपण समजतो त्यापेक्षा दाट पेरला जातो. वापरलेलं कोकोपीट पुन्हा घ्यायचं असेल तर त्यावर उकळतं पाणी ओतून निथळू द्या. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी पेरतानाच मिसळा, रोग आल्यावर नाही. मोरचूद, बोर्डो, कॉपर ऑक्सिक्लोराइड यांना या वाफ्याजवळ जागा नाही, तांबं माशांना मारतं.

याच संदर्भात बियाण्याचा रंग पाहा. पाकिटातलं बी गुलाबी, हिरवं किंवा निळं असेल तर त्यावर थायरम किंवा कॅप्टनसारख्या बुरशीनाशकाचा थर असतो आणि ही दोन्ही माशांना फार विषारी आहेत. असं बी थेट वाफ्यात टाकू नका. बाहेर ट्रेमध्ये रुजवा, त्या ट्रेचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका, आणि रोपं तीन-चार पानांची झाल्यावर मुळं धुऊन लावा. शक्यतो बिनरंगाचं, घरचं किंवा वाण्याकडचं धण्या-मेथीचं बी घ्या. धणे हलके रगडून दोन फाका करायच्या, हे विसरू नका.

थेट खडीत पेरलेलं बी वर येतच नसेल तर बहुतेक ते खडीच्या फटीतून खाली घरंगळलं आहे. तसंच, वाफ्यात पाणी पूर्ण चढतं तेव्हाही वरची दोन इंच खडी कोरडी राहायला हवी. ती ओली राहिली तर शेवाळही येतं आणि मरही. लेट्यूस ३० अंशांच्या वर रुजत नाही म्हटलं तरी चालेल. एप्रिलमध्ये त्याच्यामागे लागू नका, माठ आणि अंबाडी लावा.

खालची पानं पूर्ण पिवळी असतील आणि चाचणीत नायट्रेट शून्याच्या आसपास असेल, तर तिथे खरोखर खाद्य कमी आहे किंवा टाकी अजून चालू झालेली नाही. नव्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत त्यात रोपं घालायची घाई नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, म्हणून ते एक दिवस उघडं ठेवून मगच वापरा. जुन्या पानांच्या कडा तपकिरी करपत असतील तर पालाश कमी आहे, माशांच्या खाद्यात ते पुरेसं नसतंच. ०:०:५० सल्फेट ऑफ पोटॅश २०० लिटरला पाच-सहा ग्रॅम, विरघळवून, महिन्यातून एकदा.

यंदा पहिला टँकर आला तो दिवस मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवला, आणि त्याच संध्याकाळपासून आरओचं पाणी मिसळायला लागले. मार्चअखेर पीएच ७.१ होता. लोह एकदाच द्यावं लागलं, तेही निम्मं. एक गोष्ट लक्षात ठेवा, पिवळं झालेलं जुनं पान पूर्ण हिरवं होत नाही. त्याच्याकडे पाहून उपाय फसला म्हणू नका. उपाय केल्यानंतर जे पहिलं पान उघडेल त्याच्याकडे पाहा. मेथीला ते सहा-सात दिवसांत दिसतं, पालकाला दहा, टोमॅटो-मिरचीच्या रोपाला दोन आठवडे द्या.